गजेंद्रच्या नावाची नळी

उंद्रीला तायडेंच्या घरी मी चहाला थांबले नसते, तर हे प्रकरण उघडकीलाच आलं नसतं. मला लोकांच्या घरचा चहा आवडत नाही. साखर फार घालतात, आणि कमी घाला म्हटलं की आणखी घालतात. पण रेणुकाताईंनी, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीनं, डोळ्यांनीच दटावलं, म्हणून बसले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली काच लावलेलं रक्तदानाचं प्रमाणपत्र. चौदा एप्रिलच्या शिबिरातलं. काहीतरी वाचायला हवं म्हणून मी ते वाचलं. गजेंद्र भगवान तायडे. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

माझ्या रजिस्टरात गजेंद्र तायडेचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह होता.

मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, आकडे राहतात. याबद्दल माझी आई मला आयुष्यभर बोलत आली आहे. त्याच आठवड्यात मी तीनशे नऊ नवऱ्यांचा तक्ता तपासून संपवला होता, त्यामुळे ओ पॉझिटिव्ह मला झोपेतही आठवलं असतं. कप तसाच हातात धरून मी बसून राहिले.

"मॅडम, काल पहिल्यांदा हाललं," निशिगंधा म्हणाली. ती गजेंद्रची बायको. चोवीस वर्षांची, बारावी झालेली, पहिलटकरीण. "मले वाटलं ग्यासच हाय. मंग पुन्हा हाललं."

"छान," मी म्हणाले.

मी महामाया सरदार. खामगावला एका छोट्या प्रयोगशाळेत बसून गरोदर बायकांचं आणि त्यांच्या नवऱ्यांचं रक्त तपासते. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आमच्या भागात घराघरांतून फिरतो. आई किंवा बाप एकटाच वाहक असेल तर मूल आजारी पडत नाही. दोघेही वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळ मूल तो आजार घेऊनच येतं. अशा वेळी गर्भजल तपासून ते आधी कळू शकतं, आणि पुढे काय करायचं ते त्या बाईला ठरवता येतं. किती घरं ही तपासणी वेळेत करून घेतात, हे माझं संशोधन.

निशिगंधा वाहक होती. गजेंद्रचा रिपोर्ट नॉर्मल होता. तिसऱ्या महिन्यात मीच तिला हसून सांगितलं होतं, निवांत राहा, पुढच्या तपासणीची गरज नाही. आता तिला वीस आठवडे दोन दिवस झाले होते. गर्भजलाचा रिपोर्ट यायला दोन आठवडे लागतात. चोवीस आठवड्यांपर्यंत बाईला कायद्यानं गर्भपाताचा निर्णय घेता येतो. त्यानंतर वैद्यकीय मंडळ, अर्ज, चकरा, आणि हातात काही राहीलच याची खात्री नाही.

मी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि निघाले.

प्रयोगशाळेत त्याच्या नावाची जपून ठेवलेली नळी काढली आणि रक्तगट पुन्हा केला. ओ पॉझिटिव्ह. रक्तगट काही कोणाच्या मर्जीनं बदलत नाही. म्हणजे नळीवर नाव गजेंद्रचं होतं आणि आत रक्त दुसऱ्या कोणाचं तरी.

कसं झालं हे समजायला मला फार डोकं लावावं लागलं नाही, कारण ती पद्धत माझीच होती. पुरुष घरी सापडतात रविवारी. म्हणून आशाताई संमतीचे फॉर्म दोन दिवस आधी घरोघरी वाटत आणि लोक घरीच सही करून ठेवत. रविवारी मी समाजमंदिरात टेबल मांडून बसे. सही केलेला फॉर्म घेऊन जो येई, तो त्या फॉर्मवरचा माणूस. आधार कार्ड मागू नका असं मीच बजावलं होतं. कार्ड मागितलं की लोक बिचकतात, मग येतच नाहीत. उलट प्रत्येकाला मी रक्तगटाचं छापील कार्ड देत असे. त्या कार्डाच्या हौसेनं रांग लागायची. मी दंड बघायचे, शीर बघायचे, नळी बघायचे. वर तोंड करून कोण आहे हे पाहण्याची मला कधी गरज वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी गजेंद्र ज्या जिनिंगमध्ये कामाला होता तिथे जाऊन उभी राहिले. तो बाहेर आला तेव्हा भुवयांवर, कानांवर, सगळीकडे कापसाचे तंतू होते. मला पाहून हसला.

"जयभीम मॅडम. इकडे कशा काय?"

"गजेंद्रभाऊ, तुमचा रक्तगट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह. तीन डाव देल्लं रक्त," तो अभिमानानं म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

"मग माझ्याजवळ ओ पॉझिटिव्ह आहे ते कोणाचं?"

त्यानं फाटकाकडे एकदा पाहिलं. मग मला कडुनिंबाखाली जरा बाजूला घेऊन गेला. "दीपकचं. माह्या मावसभावाचं."

"का?"

"मले नववीत असतानी शाळेत तपासलं होतं. पिवळं कार्ड देल्लं. वाहक म्हने. मायनं त्याच दिवशी चुलीत घातलं. कोनाले सांगू नोको म्हने, पोरगी देनार नाही कोनी."

"निशिगंधाला माहीत आहे?"

"नाई."

मी पर्समधून माझं पिवळं कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. मीही वाहक आहे. मी जेवते, हिंडते, भांडते, मला काहीही होत नाही. पण माझ्या मामाचा मुलगा धम्मरत्न आजारी होता. हाडं आतून कोणीतरी पिळतंय असं तो ओरडायचा, आणि आम्ही शेक देण्यापलीकडे काही करू शकायचो नाही. एकोणिसाव्या वर्षी गेला. हे मी कोणाला सांगत नाही. गजेंद्रला सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चारात एक म्हनता ना? तीन त चांगलेच निंगतात."

"अन् तो एक तुह्याच घरी आला तं?" राग आला की माझी पुण्यात शिकलेली मराठी गळून पडते. "एकोनीस वर्षाचा होऊन तुह्यासमोर लोळला, तं काय सांगशीन त्याले? माह्या मायनं कार्ड जाळलं म्हनून?"

"हळू बोला मॅडम." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "करिष्माचं लगन हाय. माह्या बहिनीचं. वीस दिवस राह्यले. धामणगाव बढ्याचे पाव्हने हायत. हे कळलं त सोयरीक मोडते. तेवढं लगन होऊ द्या. दुसऱ्याच दिवशी मी सोता तिले घिऊन येतो."

मी त्याच्यासमोर बोटं मोजली. आज वीस आठवडे तीन दिवस. लग्नापर्यंत तेवीस. रिपोर्टला दोन आठवडे. पंचवीस. "तोवर काही हातात राहणार नाही, गजेंद्रभाऊ. तुम्हीच सांगा तिला. नाहीतर मी सांगते."

"तुमाले नाही सांगता येत," तो म्हणाला. आवाजात उद्धटपणा नव्हता, याचाच मला जास्त राग आला. "फारमावर लिवलं हाय. ज्याची गोष्ट त्यालेच सांगू, घरच्यालेबी सांगनार नाही. मी वाचूनच सही केली होती. बाकी कोनी वाचत नाही, मी वाचलं."

भोंगा वाजला. तो आत गेला.

ते वाक्य मीच लिहिलेलं होतं. आमच्याकडे बाईचा रिपोर्ट आधी सासू वाचते, मग दीर, मग शेजारीण. ते थांबावं म्हणून मी त्या ओळीसाठी संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत भांडले होते. आता तीच ओळ धरून तो माझ्यासमोरून निघून गेला, आणि तो बरोबर होता.

प्रयोगशाळेत येऊन मी दार लावून बसले. रेणुकाताईंच्या कानात नुसतं घातलं असतं तरी संध्याकाळपर्यंत निशिगंधाला कळलं असतं, आणि अख्ख्या गावालाही. हा विचार माझ्या मनात आला, पाच मिनिटं राहिला, आणि त्याची मला लाज वाटली. त्याची गोष्ट सांगायचा मला अधिकार नव्हता. पण माझी गोष्ट होती की. गजेंद्रचा म्हणून मी दिलेला रिपोर्ट खात्रीचा नाही, कारण नळीत कोणाचं रक्त आहे हे मी पाहिलं नाही. ही चूक माझी, आणि माझी चूक मी कोणालाही सांगू शकत होते.

फक्त एक अडचण होती. गजेंद्रपुरतीच चूक मान्य केली, तर त्यानं काहीतरी केलं हे उघड होणार. आणि खरं पाहिलं तर चूक त्याच्यापुरती नव्हतीच. तीनशे नऊ नवरे त्याच टेबलावर, त्याच पद्धतीनं आले होते. त्यांतले किती दीपक होते, हे मला कुठे माहीत होतं? रद्द करायचे तर सगळेच रिपोर्ट रद्द करायला हवे होते. तीन वर्षांचं काम. शोधनिबंध लिहून तयार होता, फक्त पाठवायचा बाकी होता. मी रडले. कोणासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मग समितीला पत्र लिहिलं आणि सगळ्या जोडप्यांसाठी एकच मजकूर छापला. नमुना घेताना ओळख पटवली गेली नाही, सबब पतीचा अहवाल रद्द समजावा, चूक संशोधकाची आहे. खाली सही केली. पहिलं पत्र निशिगंधाच्या नावाचं काढलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन केला. शुक्रवारी सकाळची एक वेळ रिकामी होती, त्यानंतर थेट आठ दिवसांनी. शेवटी गजेंद्रला फोन केला. "उद्या नऊ वाजता घरी येते. तुम्हाला बोलायचं असेल तर माझ्याआधी बोला."

त्यानं फोन ठेवला.

गुरुवारी नऊ वाजता तो घरी होता. कामाला गेला नव्हता. त्याची आई, सिंधूताई, करिष्माच्या लग्नाच्या पत्रिकांना हळदीचं बोट लावत बसल्या होत्या. करिष्मा आतल्या दारात उभी होती. रेणुकाताई माझ्यासोबत होत्या. त्यांनाही पत्रापलीकडे काही माहीत नव्हतं. निशिगंधानं चहा आणला. गजेंद्र माझ्याकडे पाहत नव्हता, म्हणजे तो बोललेला नव्हता.

मी पत्र वाचून दाखवलं.

"मंग पुन्हा घ्या रक्त," सिंधूताई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

"घेतेच. पण त्याची वाट बघायला वेळ नाही. गर्भजल तपासायचं तर उद्याच संभाजीनगरला जावं लागेल."

"पोटात सुई?" त्यांचा हात पत्रिकेवरच थांबला. "चांगलं हालतं चालतं लेकरू हाय. का पोरगं पोरगी पाह्याची हाय तुमाले?"

"ते कोणी सांगत नाही आणि विचारायचंही नाही. गुन्हा आहे तो."

निशिगंधा भिंतीला टेकून उभी होती. "मॅडम, सुईनं काही होते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "शेकड्यात एखादीचा गर्भ पडू शकतो. त्याहून कमीच, पण पडू शकतो."

"अन् यांचं रक्त खरंच नॉर्मल असन तं?"

"तर सुईची गरजच नाही."

"मंग मी काऊन टोचून घेऊ?" ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "तुमी सांगा. तुमाले काय वाटते?"

गजेंद्रनं खाली पडलेली एक पत्रिका उचलून गठ्ठ्यावर ठेवली.

"तो नॉर्मलच हाय," सिंधूताई म्हणाल्या. "माह्या लेकाले काय झालं? पहेलवानासारखा हाय."

निशिगंधा माझ्याकडे पाहू लागली. मी फरशीकडे पाहिलं. आयुष्यात मला कधी नव्हे इतकं बोलावंसं वाटत होतं. जीभ दातांखाली धरून मी गप्प बसले. माझं ते गप्प बसणं तिनं नीट पाहिलं.

ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. प्लॅस्टिकचं फोल्डर घेऊन ती बाहेर आली. सोनोग्राफी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनं लावलेलं. त्यातून तिनं माझं छापील कार्ड काढलं. गजेंद्र भगवान तायडे, ओ पॉझिटिव्ह. ते हातात धरून ती रक्तदानाच्या प्रमाणपत्रासमोर जाऊन उभी राहिली. एकदा इकडे, एकदा तिकडे. पुन्हा एकदा.

"हे कोनाचं रक्त हाय?" तिनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"दीपकचं," गजेंद्र म्हणाला.

"अन् तुमचं?"

"मले पिवळं कार्ड होतं. शाळेतच."

सिंधूताईंनी हळदीची वाटी बाजूला सारली ती कलंडली. "झालं समाधान?" त्या माझ्यावर ओरडल्या. "माह्या पोरीचं लगन मोडलं तुमी! कोन्या जन्माचं वैर होतं तुमचं आमच्यासंग?" करिष्मा दारातून आत निघून गेली. त्यांच्या जागी असते तर मीही ओरडले असते.

निशिगंधा रडेल असं मला वाटलं होतं. ती वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे कोरडे होते. "दोन वर्षं झाले लगनाले," ती नवऱ्याला म्हणाली. "मी माहं कार्ड भेटल्या दिवशी तुमच्या हातात देल्लं होतं. तुमी म्हनलं, काही होत नाही, मी हाय ना." मग माझ्याकडे. "उद्या किती वाजता निंगा लागते?"

"सहाला."

"मी येतो," गजेंद्र उठत म्हणाला.

"तुमी मॅडमले रक्त द्या. सोताचं. माह्यासंग रेणुकाताई येतीन."

त्यानं बाही वर केली. मी नळी काढली, आणि सुई टोचायच्या आधी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो रडत होता.

शुक्रवारी संभाजीनगरला मीही सोबत गेले, तिथे फॉर्म भरले. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, यावर तिनं सही केली. तपासणी तिची, संमती तिची, नवऱ्याची सही कोणी मागितली नाही. सुई आत गेली तेव्हा तिनं रेणुकाताईंचा हात असा धरला की ताई दोन दिवस मनगट चोळत होत्या. दोन दिवसांनी गजेंद्रचा रिपोर्ट आला. वाहक. मग नुसती वाट पाहणं उरलं. रोज सकाळी मी रेणुकाताईंना फोन करायचे, पोट दुखतं का, पाणी जातं का. नाही म्हणाल्या की तासभर बरं वाटायचं. मी रोज आठवडे आणि दिवस मोजत होते. समितीचं उत्तर आलं, काम पुढील आदेशापर्यंत थांबवावं. ते मी एकदाच वाचलं.

बावीस आठवडे चार दिवस झाले, त्या दिवशी रिपोर्ट आला. मी फोनवर सांगितलं नाही. तसं तिनंच बजावलं होतं, जे असन ते आधी मले, समोर.

ती एसटीनं एकटी आली. मी दार लावलं, पाणी दिलं. तिनं पेल्याला हात लावला नाही.

"बाळ वाहक आहे," मी म्हणाले. "आपल्यासारखं. आजार नाही."

ती हसली नाही. हात पुढे करून तिनं कागद मागितला. इंग्रजी अक्षरं एकेक करून बोटाखालून नेली. सगळ्यात वरची नावाची ओळ तिनं दोनदा वाचली, मग नंबर, मग तारीख.

"मॅडम," तिनं विचारलं, "नळी माहीच होती ना?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमचीच. सुई निघाल्यापासून चिठ्ठी लागेपर्यंत मी तिथेच उभी होते. नजर हलवली नाही."

तेव्हा ती रडली. रडून झाल्यावर पाणी प्याली, कागद फोल्डरात तारखेनं लावला, आणि दोनची एसटी धरायला निघाली. गजेंद्रशी बोलता का, असं मी विचारलं. "कामापुरतं," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी ठरलेलं करिष्माचं लग्न झालं नाही. करिष्मानं स्वतः येऊन रक्त दिलं होतं. तिलाही पिवळं कार्ड मिळालं, आणि घरात कोणाला न विचारता तिनं ते धामणगाव बढ्याच्या मुलाला फोन करून सांगितलं. पाव्हण्यांनी तारीख पुढे ढकलली. होही नाही, नाहीही नाही. सिंधूताई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मी तीनशे नऊ नावांची यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. समितीनं परवानगी दिली, अटी घालून. आता टेबलावर आधार कार्डाशिवाय कोणाला बसवत नाही. रांग निम्मी झाली आहे.

मागच्या सोमवारी एक मुलगा एकटाच मोटरसायकलवर आला. यादीत नाव नव्हतं. सिकलसेल तपासायचं म्हणाला. मी कार्ड मागितलं. शिवम माणिकराव वानखडे, धामणगाव बढे. करिष्माच्या पाव्हण्यांचं गाव. मी कार्डावरचा फोटो पाहिला, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळ, नाक, हनुवटीवरचा व्रण. पुन्हा फोटो. इतका वेळ पाहत राहिले की तो अवघडून गेला.

"मीच हाय मॅडम," तो म्हणाला, आणि त्यानं बाही वर केली.